कॅलेंडरवरचा पाऊस: सफरचंदाच्या एका बागेतल्या स्कॅबचं प्रकरण

९ मे २०२०. नाशिकला उन्हानं जीव नकोसा झालेला, टाळेबंदीमुळे द्राक्षबागांचे दौरे बंद. दुपारी मोबाइलवर तीन फोटो आले. शिमला जिल्ह्यात रोहडूच्या वरच्या अंगाला, साधारण २,३०० मीटर उंचीवर माझ्या वर्गमित्राची सफरचंदाची बाग आहे. सोलनजवळच्या नौणी विद्यापीठात आम्ही वनस्पती रोगशास्त्र एकत्र शिकलो. तो घरच्या बागेत परतला आणि मी द्राक्षाच्या सल्लागारीत पडलो.

पहिल्या दोन फोटोंत पानाची वरची बाजू होती, त्यातून फारसं काही कळेना. तिसऱ्या फोटोत त्याच्या वडिलांनी पान उलटं धरलं होतं. त्यांच्या अंगठ्याच्या नखाशेजारी, पानाच्या मधल्या शिरेला लागून शेवाळी रंगाचा डाग, मखमलीचा तुकडा चिकटवावा तसा. कडा ठळक नाही, पिसाऱ्यासारखी फिसकटलेली. खाली मित्राची एकच ओळ: "भाई, मारसोनिना तो नहीं?"

मारसोनिना, म्हणजे पानं गाळणारा दुसरा एक बुरशीचा रोग, नव्हता. तो पावसाळ्यात येतो आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्याचं काही काम नसतं. हा स्कॅब होता, व्हेन्च्युरिया इनइक्वालिस या बुरशीचा. पण मित्राची चूक मला समजू शकत होती. हिमाचलमध्ये स्कॅबची पहिली नोंद १९७७ ची आणि मोठी साथ १९८३ ची. काश्मीरनं त्याआधीच, १९७३ मध्ये, तो भोगला होता. त्यानंतर फवारणीचं वेळापत्रक घरोघर रुजलं आणि रोग इतका मागे हटला की आमच्या पिढीनं तो प्रयोगशाळेतल्या वाळवलेल्या पानांवरच जास्त पाहिला. बागेत पानं गळायला लागली की मारसोनिना, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं होतं. चाचाजींना, म्हणजे मित्राच्या वडिलांना, १९८३ आठवत होतं. स्कॅबचं फळ सरकारनं विकत घेऊन नष्ट केलं होतं तेव्हा. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बेटा, मैंने तो पहले ही कहा था." त्यांनी खरंच सांगितलं होतं. घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बाग सुमारे तीनशे झाडांची. बियांपासून केलेल्या खुंटावरचं जुनं रॉयल डिलिशियस, परागीकरणासाठी मध्ये मध्ये गोल्डन आणि रेड गोल्ड. दगडी बांधांच्या टप्प्यांवर लावलेली. वरचे टप्पे पूर्वेला उघडे, सकाळी पहिलं ऊन त्यांच्यावर पडतं. खालच्या चार ओळी नाल्याकडे, देवदारांच्या सावलीत. मी मित्राला म्हटलं, प्रत्येक टप्प्यावरच्या पाच झाडांची पानं उलटून बघ, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नाल्याकडच्या ओळींत जवळजवळ प्रत्येक झाडावर डाग, मधल्या टप्प्यांवर तुरळक, सगळ्यात वर शोधून सापडेल इतके.

रोग असा उतरंडीनं पसरलेला दिसला की मला आधी पाण्याचा संशय येतो. द्राक्षातल्या डाऊनी या रोगानं लावलेली ही सवय. बुरशीला पानावर पाणी लागतं, आणि किती तास लागतं हे तापमानावर ठरतं. स्कॅबच्या बाबतीत हे गणित अमेरिकेत मिल्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये कोष्टकात मांडलं. पुढे ते सुधारलं गेलं. सुधारित कोष्टकानुसार १६ ते २४ अंश सेल्सियसला पान सलग ६ तास ओलं राहिलं तरी लागण होते. १० अंशांना ११ तास लागतात, ५ अंशांना २१ आणि २ अंशांना ३५. म्हणजे थंडी रोगाला अडवत नाही, नुसती उशीर करते. डोंगरात नेमकी इथेच फसगत होते. हात गारठलेत, शेकोटी पेटलीय, अशा दिवसांत बुरशीची कुणाला आठवण येणार?

आता हिशेब उलटा मांडायचा होता. डाग ८-९ मेला दिसले. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत साधारण ९ ते १७ दिवस जातात, उबेत लवकर, गारव्यात उशिरा. तिथल्या एप्रिलच्या हवेला दोन आठवडे धरले तर २५ एप्रिलच्या आसपास काहीतरी घडलेलं असणार. मी मित्राला विचारलं, त्या दिवसांत पाऊस होता का? त्याला आठवेना. चाचाजींनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून त्याचा फोटो पाठवायला लावला.

हे कॅलेंडर म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. खतांच्या दुकानातून फुकट मिळालेलं, कोपरे तेलकट झालेलं. चाचाजी प्रत्येक तारखेच्या चौकोनात बर्फ, पाऊस, गारा लिहितात, आणि फवारणी झाली तर एक फुली मारतात. २४ एप्रिलच्या चौकोनात लिहिलं होतं: शाम ७ से बारिश. २५ च्या चौकोनात: दोपहर बंद, ठंड, ९-१०. व्हरांड्यातल्या तापमापकाचा आकडा तो.

मी पहिल्या झटक्यात संध्याकाळी ७ पासून मोजलं आणि वर-खाली सगळीकडे भरपूर तास भरले. मग वरचे टप्पे वाचले कसे? थोड्या वेळानं माझीच चूक लक्षात आली. वसंतात उडणारे पहिले बीजाणू जमिनीवरच्या जुन्या पानांतून येतात आणि ते मुख्यतः उजेडात सुटतात. रात्री सुरू झालेला पाऊस मोजायचा तो पहाटेपासून. पुन्हा मोजलं. सकाळी ६ पासून धरलं तर वरचे टप्पे ऊन आल्यावर दुपारी तीनपर्यंत सुकले, म्हणजे ९ तास. १० अंशांना ११ लागतात, ९ अंशांना १२. थोडक्यात सुटले. आणि नाल्याकडे? मित्राला आता आठवलं: त्याच संध्याकाळी अंधार पडताना त्यांनी घरच्या मधमाश्यांच्या पेट्या खालच्या ओळींत नेऊन ठेवल्या होत्या, आणि फांद्यांना घासून दोघांच्या स्वेटरच्या बाह्या भिजल्या होत्या. म्हणजे सातनंतरही पानं ओली. १३ तास तर झालेच, पुढची रात्र वेगळी. बागेत रोगाचा जो नकाशा दिसत होता तो या तासांचाच नकाशा होता.

पाऊस पडला हे समजलं, पण पाऊस दरवर्षीच पडतो. मग झाडावर औषध का नव्हतं? कॅलेंडरवर त्याआधीची फुली होती ५ एप्रिलची, ग्रीन टिपच्या सुमाराची, म्हणजे कळीतून हिरवं टोक बाहेर येतं तेव्हाची. मॅन्कोझेब, २०० लिटरच्या ड्रमला ६०० ग्रॅम. त्यानंतरची फुली ८ मेची, पाकळ्या गळल्यावरची, डाग दिसले त्याच दिवसाची. मध्ये महिनाभर काही नाही. गुलाबी कळीच्या अवस्थेतली फवारणी राहून गेली होती. टाळेबंदीत नेपाळी कामगार आले नव्हते, औषधाचं दुकान कधी उघडं कधी बंद, आणि घरात असा समज की फुलोऱ्यात फवारायचं नाही तर आता थांबलेलंच बरं. फुलोऱ्यात मधमाश्यांसाठी थांबणं बरोबरच आहे. पण म्हणूनच त्याच्या आधीची फवारणी चुकवून चालत नाही, पुढचे दहा-बारा दिवस तिच्यावर काढायचे असतात.

५ एप्रिलचं मॅन्कोझेब २४ तारखेला कुठे असणार? ते स्पर्शजन्य औषध. ज्या पानावर पडलं त्याच पानावर राहतं, पावसानं धुपतं, आणि जे पान त्या दिवशी जन्मालाच आलं नव्हतं त्याच्यावर तर नसतंच. ग्रीन टिपला झाडावर पान असं काही नसतं. गुलाबी कळीपर्यंत कळीभोवती पानांचा अख्खा गुच्छ उघडतो, आणि कोवळं पानच या बुरशीला सगळ्यात जास्त बळी पडतं. जून झालेलं पान बऱ्यापैकी टिकाव धरतं. थोडक्यात, सगळ्यात नाजूक पानं सगळ्यात ओल्या दिवशी उघडी होती.

आणखी एक गोष्ट मी सहज विचारली म्हणून कळली: ५ एप्रिलला ड्रम किती लागले? आठ. पूर्ण वाढलेल्या जुन्या झाडाला ८ ते १० लिटर पाणी लागतं, एका ड्रममध्ये वीस-पंचवीस झाडं होतात. तीनशे झाडांना बारा ते पंधरा ड्रम हवेत. आठ ड्रममध्ये बाग 'झाली', कारण खाली उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच भिजवलं. शेंड्यापर्यंत गनचा फवारा पोचलाच नाही. नाशिकला ट्रॅक्टरच्या ब्लोअरची सवय असलेल्या माणसाला हे लक्षात यायला वेळ लागतो. तिथे उतारावर पाइप ओढत, झाडाच्या बुंध्याशी उभं राहून, मान वर करून फवारायचं असतं. थकलेला माणूस वर बघत नाही.

आता करायचं काय. इथे आमचा वाद झाला. मित्रानं जवळच्या एका दुकानदाराला पान दाखवलं होतं आणि त्यानं कार्बेन्डाझिम दिलं होतं, आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानाच्या आत शिरतं, डाग जळून जातील म्हणून. डाग जळत नाहीत. लागण होऊन दोन आठवडे झालेल्या पानाला बरं करणारं औषध नाही. काही आंतरप्रवाही औषधं लागणीनंतर तीन-चार दिवसांच्या आत मारली तर बुरशीला आतल्या आत रोखतात. ती खिडकी २८-२९ एप्रिललाच बंद झाली होती. शिवाय कार्बेन्डाझिमच्या गटाला स्कॅबची बुरशी जगभर सरावलेली आहे. डोडाइनचंही तसंच, न्यू यॉर्क राज्यात १९६९ मध्येच त्याची ताकद गेल्याचं दिसलं होतं. डागांवर लाखो बीजाणू तयार असताना बुरशीच्या एकाच क्रियेवर मारा करणारं औषध वापरणं म्हणजे त्यातले सोशिक बीजाणू निवडून वाढवणं.

मी कॅप्टान सुचवलं, ड्रमला ६०० ग्रॅम, आणि आठवड्यानं पुन्हा. मित्राचा उत्साह मावळला. कॅप्टान म्हणजे जुनं, साधं, त्याच्या वडिलांच्या काळचं औषध. डायफेनोकोनॅझोल हे आंतरप्रवाही औषध का नको, वेळापत्रकात तर आहे? आहे, पण ते रोग दिसण्याआधीच्या अवस्थेसाठी. ते पुढच्या वर्षी गुलाबी कळीला वापरू. आत्ताचं काम डाग घालवणं नव्हतं. त्या डागांतून पावसाच्या थेंबांबरोबर उडणारे बीजाणू नव्या पानांवर आणि फळांवर रुजू नयेत, एवढंच करायचं होतं. त्यासाठी वरून घट्ट थर पुरतो, मात्र तो शेंड्यापर्यंत पोचला पाहिजे. कॅप्टान फवारणीच्या तेलाबरोबर किंवा तेलानंतर लगेच मारलं तर पानं जळतात. पण त्यांचं तेल मार्चअखेरीलाच झालं होतं, ती भीती नव्हती. चौदा ड्रम लागले. मित्राचा नंतर मेसेज आला: मान मोडली.

जूनमध्ये विरळणी करताना त्यांनी डाग पडलेली आणि वेडीवाकडी फळं हातानं काढली. देठावर डाग असलेली बरीच आधीच गळली होती. राहिलेल्या फळांवरचे डाग सुकून बुचासारखे झाले, आणि फळ फुगताना काहींना तिथेच भेगा गेल्या. साल एका जागी बधिर होते आणि बाकीचं फळ वाढत राहतं, म्हणून ते एका अंगाला खेचल्यासारखं दिसतं. पुढे मॅन्कोझेब, प्रोपिनेब आलटून पालटून, पावसाकडे बघून. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्टमध्ये मात्र पानं पिवळी पडून गळायला लागली आणि सगळं गाव म्हणालं, स्कॅब वाढला. पुन्हा फोटो. या वेळी डाग पानाच्या वरच्या बाजूला, गडद तपकिरी, भिंगाखाली त्यात काळे बारीक टिपके, आणि पान पिवळं होऊनही डागाभोवती हिरवा पट्टा राहिलेला. हा मारसोनिना. मे महिन्यात मारसोनिना म्हणून दाखवला तो स्कॅब निघाला, आणि ऑगस्टमध्ये स्कॅब म्हणून दाखवला तो मारसोनिना. स्कॅबचं पान आक्रसतं, वाकडं होतं, पण बरेच दिवस झाडाला लटकून राहतं. मारसोनिनाचं पान सडासड गळतं. या दोहोंसाठी काही औषधं सारखी असली तरी वेळ वेगळी आहे, त्यामुळे नाव चुकलं की हंगाम चुकतो.

सप्टेंबरच्या तोडणीत नाल्याकडच्या चार ओळींचा मोठा भाग सी ग्रेडला, म्हणजे सरकारी खरेदीच्या गोण्यांत गेला. वरच्या टप्प्यांचा माल नेहमीसारखा पेट्यांत. शीतगृहात काही ठेवू नका असं मी सांगितलं होतं. उशिरा लागण झालेल्या फळावर तोडताना काही दिसत नाही आणि साठवणीत टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठतात.

माझ्या मते या प्रकरणातलं खरं काम नोव्हेंबरात होतं, म्हणून ते बघायला मी स्वतः गेलो. ही बुरशी हिवाळा काढते ती गळलेल्या पानात. बर्फाखालच्या त्या कुजक्या पानात तिची सूक्ष्म फळं तयार होतात, आणि वसंतातल्या पावसात त्यातून बीजाणू उडतात, फळातल्या प्रत्येक सूक्ष्म पिशवीत आठ, प्रत्येक बीजाणू दोन असमान पेशींचा. इनइक्वालिस हे नाव त्या असमानपणावरूनच. यातले बहुतेक बीजाणू फार लांब जात नाहीत. शेजारच्या पडीक बागेला नावं ठेवण्याआधी आपल्या झाडाखाली बघावं.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: पानगळीच्या तोंडावर ५ टक्के युरिया, २०० लिटरच्या ड्रमला १० किलो. नत्रामुळे गळलेलं पान लवकर कुजतं, त्यावर बुरशीचे शत्रू असलेले सूक्ष्मजीव वाढतात, गांडुळंही ते खातात. वेळ मात्र सांभाळावी लागते. लवकर मारला तर झाड तो नत्र घेतं आणि थंडीला कोवळं सामोरं जातं. मी पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त पानं पिवळी होती, वारा आला की झडत होती. योग्य वेळ. झाडांवर एकदा मारला, आणि पानगळ संपल्यावर जमिनीवरच्या पानांवर पुन्हा.

मग पानं गोळा करणं. झाडाभोवतीच्या आळ्याला तिथे तौलिया म्हणतात. तौलियातली पानं दाताळ्यानं सहज निघाली. अडचण दगडी बांधांची. दोन दगडांच्या फटीत पानं अशी ठासून बसतात की बोटांनीच काढावी लागतात. वाऱ्यानं उडालेली सगळी पानं शेवटी तिथेच येतात, आणि नाल्याकडच्या बांधात तर गेल्या वर्षीचीही असावीत, काळी, चिकट, थरावर थर. चाचाजींचं म्हणणं, जाळून टाका. मित्राच्या आईनं ते होऊ दिलं नाही. गोठ्यात गाईखाली अंथरायला सुकी पानं नेहमीच लागतात. शेण-मुतात तुडवून उकिरड्यावर गेली की तीही कुजणारच. मला दोन्ही चाललं असतं, पण धूर न झालेला बरा. चार दिवसांत खालच्या ओळी स्वच्छ झाल्या. वरच्या टप्प्यांवर आम्ही तेवढा जीव काढला नाही.

२०२१ ची तयारी फार काही नव्हती. एक कमाल-किमान तापमापक, कॅलेंडरात पावसाच्या वेळेशेजारी 'पान कधी सुकलं' हा नवा आकडा, आणि तो पाहायचा नाल्याकडच्या ठरलेल्या तीन झाडांवर, व्हरांड्यातून नाही. नुसता हात लावून. महागडी यंत्रं मिळतात, पण चाचाजी रोज सकाळ-संध्याकाळ बागेत असतातच. ग्रीन टिपला मॅन्कोझेब झालं, तेरा ड्रम. गुलाबी कळीची फवारणी पावसाच्या अंदाजाआधी, २० एप्रिलला: डायफेनोकोनॅझोल, ड्रमला ३० मिलि. (ही मात्रा त्यांच्याकडच्या डब्यावरची. वाचकांनी आपल्या डब्यावरचं लेबल वाचावं.)

आणि तीन दिवसांत, एप्रिलच्या त्या चौथ्या आठवड्यात, वरच्या शिमल्यात बर्फ पडला. फुलोऱ्यात. फांद्या मोडल्या, कित्येक बागांत गारांच्या जाळ्या बर्फाच्या ओझ्यानं झाडांवर कोसळल्या. मित्राच्या बागेत मधल्या टप्प्यांची फुलं काळी पडली. म्हणून २०२१ चा निकाल मी कुणाला पुरावा म्हणून दाखवत नाही. मेमध्ये नाल्याकडे हातावर मोजण्याइतके डाग मिळाले हे खरं. पण फळच कमी लागलं होतं, आणि त्या थंडीत पानं वितळत्या बर्फानं ओली राहिली तरी ३ अंशांना ३० तास भरायला हवे होते. चाचाजींच्या नोंदीप्रमाणे २६-२७ भरले. औषधानं वाचवलं, स्वच्छ केलेल्या बांधांनी, की तीन-चार तासांनी, हे वेगळं काढता येत नाही. माझा कल बांधांकडे आहे. मित्राचा अर्थातच औषधाकडे.

नाल्याकडचे देवदार वनखात्याचे, त्यांना हात लावता येत नाही. त्या ओळींतल्या फांद्या मात्र पुढच्या छाटणीत बऱ्याच मोकळ्या केल्या, आणि मेलेल्या दोन झाडांच्या जागी फ्लोरिना जातीचं सफरचंद लावलं. त्यात जंगली सफरचंदाकडून आलेला स्कॅबरोधक जनुक आहे. बाजारात रॉयलचा भाव त्याला मिळत नाही, म्हणून दोनच.

त्या ऑक्टोबरात मी निफाडजवळ एका प्लॉटवर छाटणीनंतरचा डाऊनी बघत होतो. पाऊस थांबलेला, पानं टपटपतायत, बागाईतदार विचारतोय, "साहेब, आत्ताच मारू की सुकू देऊ?" तेवढ्यात चाचाजींचा फोन. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"बेटा, अर्धी पानं पिवळी झालीत. युरिया भिजवू?"

"चाचाजी, झाड हलवून बघा. किती पडतात?"

थोडा वेळ नुसती सळसळ ऐकू आली.

"दहा-बारा."

"मग आठवडाभर थांबा."